बाई आल्या, बाई आली

माझी ताई आधी ‘बाई आल्या’ होती, मग ‘बाई आली’ झाली. मधे काय घडलं म्हणाल तर एक शाळा बंद पडली, एवढंच. बाई तीच, चालणं तेच, पर्ससुद्धा तीच, कारण नवी घे म्हटलं की ती म्हणते, हिची चेन अजून चालते. तरी एका दारातून आत शिरली की ती ‘आल्या’ आणि दुसऱ्या दारातून शिरली की ‘आली’. आपल्याकडे माणसाची पत क्रियापदाच्या टोकाला लटकवलेली असते. ज्यांना आयुष्यभर ‘आल्या’ आणि ‘आले’ मिळालं त्यांना हे कळतच नाही, आणि समजावून सांगायला गेलं की ते म्हणतात, तू फार मनाला लावून घेतेस. घेते. माझा स्वभाव आहे तो.

शाळा म्हणजे एका बंगल्याच्या गॅरेजमधली बालवाडी. गाडी विकली आणि त्या जागेत चिमुकल्या खुर्च्या मांडल्या, अशी शाळा. ताई तिथे मुलांची नाकं पुसायची, बुटांच्या लेस बांधायची, डब्यातला शेवटचा घास कसाबसा तोंडात कोंबायची, चड्डी ओली झाली की बदलायची, दुपारी थोपटून झोपवायची. मधल्या वेळात रंग, आकडे आणि गाणी. पगार सांगायलाही लाज वाटेल असा होता. पण सकाळी ती फाटकाशी दिसली की आतून एकच गिल्ला व्हायचा, “बाई आल्या! बाई आल्या!” भाजीवाला म्हणायचा, बाई, आधी तुमचं घ्या. रस्त्यात कुणी भेटलं की पोराला पुढे ढकलून म्हणायचं, बाईंना नमस्कार कर. पोर आईच्या मागे लपायचं आणि ताई खूश व्हायची.

मग पिवळ्या बसगाड्यांची मोठी शाळा आली आणि गॅरेज पुन्हा गॅरेज झालं. मोठ्या शाळेत ताईला विचारलं, ट्रेनिंग झालंय का? नव्हतं झालं. चाळिशी उलटल्यावर आता कुठलं ट्रेनिंग, म्हणत ती घरी आली आणि मग ओळखीच्या एकीनं तिला ब्यूरोचा पत्ता दिला. घरी जाऊन पेशंट सांभाळणाऱ्या बायका पुरवतात, तो ब्यूरो. तिथे मात्र तिला रीतसर ट्रेनिंग मिळालं. झोपलेल्या माणसाखालची चादर कशी बदलायची, कूस कधी आणि कशी बदलायची, गिळता न येणाऱ्याला कसं भरवायचं, सगळं शिकून ती पास झाली. आता गंमत बघा. काही न शिकता बालवाडीत गेली तेव्हा बाई आल्या, आणि शिकून सवरून कामाला लागली तर बाई आली.

ज्यांच्याकडे ती जाते ते आजोबा अर्ध्या अंगानं लुळे झालेत. ताई त्यांचं तोंड पुसते, बूट घालते, शेवटचा चमचा कसाबसा गिळायला लावते, चड्डी बदलते, दुपारी थोपटते. त्यांची वाचा गेली होती, ती हळूहळू परत येतेय, तर त्यांच्याकडून शब्दही घोकून घेते. काम तेच आहे हो, अगदी तेच, फक्त विद्यार्थी मोठा. पगार तिप्पट. आणि मान शोधून सापडत नाही.

आता भाऊजींचं सांगते. भाऊजी एका मोठ्या कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढायचे. त्यांच्या हाताखाली माणसं होती, टेबलावर त्यांच्या नावाची पट्टी होती, म्हणून आमच्या रस्त्यावर ते ‘साहेब’. कंपनीनं ते ऑफिस उचलून दुसऱ्या शहरात नेलं आणि साहेबांना इथेच ठेवलं. त्यांनी पुष्कळ जोडे झिजवले, मग थांबले. आता ते घर सांभाळतात, आणि छान सांभाळतात. स्वयंपाक, भांडी, कपडे, सगळं. फक्त धुतलेले कपडे गॅलरीत वाळत घालत नाहीत. आतल्या खोलीत दोरी बांधलीय, तिच्यावर वाळवतात. समोरच्या बिल्डिंगमधून साहेब पिळे झटकताना दिसले तर? त्यामुळे आमच्या कपड्यांना कायम एक कोंदट वास येतो. माणूस इतका चांगला आहे की धड चिडताही येत नाही.

राहता राहिले मी. मी डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि ताईकडेच राहते. पगार आणणाऱ्या आम्ही दोघी, त्यात कमी आणतं कोण, तर मी. पण माझ्यासमोर कॉम्प्युटर आहे आणि ड्रॉवरला किल्ली आहे, म्हणून मला लोक ‘मॅडम’ म्हणतात. थोडक्यात, काही न कमावणारे साहेब, थोडं कमावणारी मी मॅडम आणि घर चालवणारी ती बाई. ‘चांगल्या घरातली माणसं’ म्हणून आमची जी काही ओळख आहे ती भाऊजींच्या एका खुर्चीवर उभी आहे, आणि ती खुर्ची कंपनीनं कधीच भंगारात काढली.

हे असंच चाललं असतं. पण ताईच्या गुडघ्यांनी बंड केलं.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नाही. दिवसभर आजोबांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर करायचं आणि संध्याकाळी चार जिने चढायचे. प्रत्येक मजल्यावर ती थांबायची. दमली म्हणून थांबली असं शेजाऱ्यांना वाटू नये म्हणून पर्स उघडून किल्ली शोधायची. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी एकदा कौतुकानं म्हणाल्या, “तुझी बहीण फार विसरभोळी गं, रोज किल्ली हरवते.” मी तिला ओढतच हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो बघितला आणि सरळ सांगितलं, जिने सोडा नाहीतर काम सोडा. काम सोडलं तर खायचं काय? तेव्हा जिने सोडायचे ठरलं. तळमजल्यावरचं भाड्याचं घर, एवढंच हवं होतं आम्हाला. राजवाडा मागत नव्हतो.

एजंटनं एक घर काढलं. तळमजला, पुढे छोटंसं अंगण, आजोबांच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्यावर. ताईनं आत पाऊल टाकलं, इकडे तिकडे बघितलं आणि उंबरठा पुन्हा एकदा ओलांडला, नुसताच, आत-बाहेर. एक पायरीसुद्धा नव्हती. 

घरमालकीण वरच राहायच्या. आम्हाला बसवलं, चहा दिला. मग भाऊजींच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघत ताईला विचारलं, “मिस्टर काय करतात?”

भाऊजी समोर बसलेले, पण प्रश्न त्यांच्याबद्दल आणि तिला. एजंटनं आधीच पढवून ठेवलं होतं. ताई म्हणाली, “ड्रॉइंग ऑफिस.” क्रियापद गिळलं.

“वा. आणि तुम्ही घरीच का?”

“मी पेशंट बघते.”

“अय्या, डॉक्टर?”

“नाही नाही. घरी जाऊन सांभाळते.”

“हां, म्हणजे नर्स.”

एजंट मान डोलवत होता. माझीही मान हलायला लागली होती. पण ताई म्हणाली, “नर्सचं शिक्षण वेगळं असतं. मी केअरटेकर.” काय गरज होती? खरं बोलण्याचा हा रोग तिला बालवाडीपासूनच आहे.

मालकीणबाई हसल्या, पण जरा उशिरा. मग म्हणाल्या, “रागावू नका हं, पण मी दोन ठिकाणी फोन करून विचारते. सगळ्यांनाच विचारते.” त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन स्पीकरवर. आधी भाऊजींच्या जुन्या ऑफिसातल्या मित्राला लावला.

“हो, हो,” मित्र म्हणाला, “ते आमच्याकडे होते. अतिशय सज्जन गृहस्थ.”

मालकीणबाईंनी समाधानानं मान हलवली. ‘होते’मधला मान त्यांना ऐकू आला, भूतकाळ ऐकू आला नाही. भाऊजी चहाच्या कपात बघत बसले.

मग आजोबांच्या सुनेला फोन. मालकीणबाईंनी विचारलं, “तुमच्याकडे त्या येतात ना, त्यांच्याबद्दल जरा चौकशी करायची होती. कशा आहेत त्या?”

“कोण?” मग एकदम, “हां हां, आमची बाई होय! फार चांगली आहे हो. अगदी घरातल्यासारखी. आमच्या बाबांचं सगळं करते, शी-शूसुद्धा, पण कध्धी तोंड वाकडं करत नाही. हात लावेल ते स्वच्छ. डोळे मिटून ठेवा तिला. पण आमच्याकडून पळवू नका हं, सांगून ठेवते!” आणि ती मनापासून हसली.

एवढी तारीफ माझी आयुष्यात कुणी केली नाही. सून खोटं एक अक्षर बोलली नव्हती, तिची ताईवर माया होती, आणि प्रत्येक वाक्यागणिक ते घर आमच्या हातून जात होतं. करते, करत नाही, ठेवा तिला. मालकीणबाईंनी फोन ठेवला तेव्हा ताईच्या समोरचा कप अर्धा भरलेला होता. त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला, रिकाम्या कपांपासून जरा लांब. मी बघितलं ते.

“कळवते,” त्या म्हणाल्या. “इथे सगळे नोकरदार राहतात ना, सगळ्यांना विचारून घ्यावं लागतं. आणि पेशंटकडून येणं-जाणं, इन्फेक्शन वगैरे, समजताय ना?”

संध्याकाळी एजंटचा निरोप आला, घर दुसऱ्या कुणाला तरी दिलं.

“मी ‘रिटायर्ड’ म्हणायला हवं होतं,” भाऊजी म्हणाले.

“मी ‘नर्स’ला हो म्हणायला हवं होतं,” ताई म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तुमचं दोघांचं काय चुकलं? तुम्ही ‘होते’ आणि ती ‘आहे’! भाडं ‘होते’ देणार की ‘आहे’ देणार?” मी एवढ्या जोरात ओरडले की भाऊजींनी उठून खिडकी लावली. शेजारी काय म्हणतील. शेजाऱ्यांची काळजी करण्यात या घराची निम्मी ताकद जाते.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी त्याच मालकीणबाईंचा फोन. ताई गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसली होती. आवाज इतका मोठा की स्पीकरची गरजच नव्हती.

“अगं ऐक ना,” त्या म्हणाल्या. त्या दिवशीचं ‘तुम्ही’ चहाबरोबर संपलेलं दिसलं. “माझ्या सासूबाई पडल्यात. कुणी मिळतच नाही गं चांगलं माणूस. तुझ्याबद्दल इतकं छान ऐकलं म्हणून म्हटलं तुलाच विचारावं. सकाळी दोन तास येशील का? आम्हीही तुला अगदी घरातलीच समजू.”

 मी हातवारे करत होते, ठेव फोन, ठेव. तिनं पिशवी खाली ठेवली.

“घरातली समजणार होतात,” ती शांतपणे म्हणाली, “तर घर का नाही दिलंत?”

पलीकडून काहीतरी पुटपुटणं आलं. “तसं नाही गं... तो विषय वेगळा...”

“विषय एकच आहे हो. मला वेळ नाही.” आणि तिनं फोन ठेवला.

मी टाळ्या वाजवल्या.  भाऊजींनी पिशवीतलं पाणी पुन्हा गरम करून आणलं. ती म्हणाली, “बोलले खरी. पण जिने तर तेवढेच राहिले ना.” माझ्या टाळ्या तिथेच थांबल्या.

एजंटबरोबर पुढचं घर बघायला गेलो तेव्हा पावसापाण्याचं कारण नसताना ताई छत्री टेकत चालत होती. हे घर आधीच्यापेक्षा लहान, खिडकीसमोर लोकांच्या स्कूटर, पण तळमजला. मालक एकटेच राहणारे काका. पहिला प्रश्न ठरलेला. “मिस्टर काय करतात?”

या वेळी भाऊजींनी स्वतःच तोंड उघडलं. “घर सांभाळतो,” ते म्हणाले. “स्वयंपाक, धुणं-भांडी. नोकरी गेली त्याला बरीच वर्षं झाली.” बोलताना कान लाल झाले होते, पण अडखळले नाहीत. त्यांना हे म्हणायला किती बळ लागलं असेल ते मला माहीत आहे.

काका खो खो हसायला लागले. “साहेब विनोदी आहेत! अहो, रिटायर झालं की आपली सगळ्यांची हीच गत!” आणि टाळीसाठी हात पुढे केला. भाऊजींनी टाळी दिली. काय करणार? माणूस खरं सांगतो आणि समोरचा टाळी मागतो.

“आणि तुम्ही काय करता?” काकांनी ताईला विचारलं.

ताई छत्रीवर भार देऊन उभी होती. तिनं दाराकडे बघितलं, सपाट उंबरठ्याकडे बघितलं. “मी बाई आहे,” ती म्हणाली.

“अरे वा! शाळेत? छान, छान. मोठ्या मुलांच्या की लहान?”

 एजंटनं झेल टिपला. “लहान मुलांचा फार अनुभव आहे त्यांना, काका.”

“मग प्रश्नच मिटला. बाईंचं घर म्हणजे काळजी नको.” आणि काकांनी किल्ली ताईच्या हातात दिली. भाऊजींच्या नव्हे, ताईच्या. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड शिवून घेतलं.

खोटं कुणीच बोललं नव्हतं. शब्द एकच, काकांनी त्यांना हवा तो अर्थ उचलला.

आता तिथे राहतो. जिने नाहीत, गुडघे जरा बरे आहेत. सकाळी ताई निघाली की काका दारापुढच्या बाकावरून म्हणतात, “बाई निघाल्या का?” पुढे अंगणासारखी जागा आहे, दोरी बांधायला दोन खांबसुद्धा आहेत. पण ताईचा ब्यूरोचा पांढरा ॲप्रन तिथे वाळत घालता येत नाही, बालवाडीच्या बाई ॲप्रन कशाला घालतील? तो आतल्या खोलीत भाऊजींच्या दोरीवर असतो. आधी एकाचं काम लपवत होतो, आता दोघांचं लपवतो, आणि वास तोच कोंदट. मी एकदा ॲप्रन उचलून बाहेर नेऊन वाळत टाकला. ताई उठली आणि तो आत घेऊन आली. त्या दिवशी मी जेवले नाही. त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही.

परवा ती कामावरून आली ती वेगळ्याच आनंदात. पर्स ठेवायच्या आधी म्हणाली, “आज आजोबा आख्खं वाक्य बोलले!”

आजोबांची वाचा कशी येतेय ते तिनं आम्हाला कितीदा सांगितलंय. आई, पाणी, नको, हे शब्द आले. जोडाक्षर आलं की जीभ अडकते, ‘चष्मा’ म्हणताना रडकुंडीला येतात. डॉक्टरांनी घरच्यांना बजावलंय, चुकले की लगेच सुधारा, बरोबर म्हणून घ्या, सोडू नका.

“मी दारातून आत गेले,” ताई सांगत होती, “सून तिथेच होती. त्यांनी मान वळवली, माझ्याकडे बघितलं, ओठ हलले. कितीतरी वेळ नुसते हलतच होते. आणि मग म्हणाले, बाई आल्या. स्पष्ट! ‘ल्या’ कसला आलाय त्यांना आजपर्यंत? पण आला!”

भाऊजी पोळपाट सोडून पुढे आले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. किती वर्षांनी कुणीतरी तिला पाहून ते म्हटलं होतं, आणि तेही कुणी न शिकवता.

“मग? सून काय म्हणाली?” मी विचारलं.

“तीही हरखली गं. टाळ्या वाजवल्या तिनं. त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, छान बाबा, पण ‘आल्या’ नाही, ‘आली’. बाई आली. म्हणा बघू.”

भाऊजी पुन्हा पोळपाटाकडे वळले. 

“चुकलं की सुधारायचं, असं डॉक्टरांनीच सांगितलंय ना,” ताई म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. “मग ती निघाली ऑफिसला. जाताना मला म्हणाली, हे वाक्य जरा घोकून घे हं त्यांच्याकडून.”

“आणि तू घेतलंस?”

ताईनं पर्सची चेन ओढून ॲप्रन बाहेर काढला आणि आतल्या दोरीकडे गेली. तिथूनच म्हणाली, “घेतलं. पटकन आलं त्यांना. ‘आली’ सोपं आहे गं, त्यात जोडाक्षर नाही.”